तेहतिसावं पाकीट

बेगडेवाडी स्टेशनच्या बाकावर एका बाईनं मला भीक घातली. दुपारचे पावणेचार. जेठाचं ऊन, त्यात अधिक महिना, लोणावळ्याकडची लोकल वीस मिनिटं लेट, आणि मी पाय वर घेऊन मानेवरचं घामोळं खाजवत बसलेलो. समोर पिवळा टी-शर्ट येऊन उभा राहिला. तिशीतली बाई, गळ्यात ओळखपत्र, त्यावर 'प्रेरणा'. "आजोबा, जेवलात का?" मी काही बोलायच्या आत तिनं पुठ्ठ्याचं पाकीट पुढं केलं. "घ्या. फ्रेश आहे." तोंड 'नको' म्हणायच्या बेतात होतं, शपथेवर सांगतो. पण हात पुढं गेला. एकसष्ट वर्षांचा हात, देहूरोडच्या डेपोत अठ्ठावीस वर्षं स्टोअरकीपर म्हणून सह्या ठोकलेला, आणि रिटायर झाल्यापासून फक्त देणारा. तो तळवा वर करून सरळ पुढं गेला, जसा काही जन्मभर हेच करत आलाय. वर तोंडातून निघालं, "देव भलं करो." शी! हे वाक्य मी आयुष्यात कुणाला म्हटलेलं नाही. मला म्हणतात ते.

बरं, तिची तरी काय चूक? अधिकात मी दाढी करत नाही, पांढरी खुंटं गालभर माजलेली. सदरा घामानं पाठीला चिकटलेला. आणि पायात निळ्या रबरी चपला, एकीचा अंगठा तारेनं बांधलेला. माझ्या स्वतःच्या नव्हेत त्या. माझ्या कोल्हापुरी सकाळी वृद्धाश्रमाच्या दारातून कुणीतरी ढापल्या, दुपारपर्यंत शोधूनही मिळाल्या नाहीत, आणि तिथल्या यशोधरा मॅडमनी कुठल्यातरी मेलेल्या म्हाताऱ्याच्या या चपला मला दिल्या. स्टेशनमागच्या रस्त्यानं येताना मी सगळा वेळ त्या चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो. दान करून परतणाऱ्या माणसाच्या मनात काय असावं, तर चपला.

सकाळी याच स्टेशनवर उतरलो तेव्हा मी दाता होतो. आईच्या नावानं अन्नदान, अधिकाचं म्हणून तेहतीस पाकिटं, लोणावळ्याच्या केटररनं पहाटे पाचला भरून टेम्पोनं पाठवलेली. संगीता आली नाही. "तुम्हीच जा," म्हणाली, "मला तिथं उभं राहवत नाही." बायकोचं हे असं. मी काही चांगलं करायला निघालो की हिला नेमकं धुणं आठवतं. आश्रमात गेलो तर यशोधरा मॅडमनी कपाळाला हात लावला. "काका, आज तुमच्याआधी चार दाते होऊन गेले. पोहे झाले, शिरा झाला, पुरणपोळी झाली, आत्ता पावभाजी झाली. महिनाभर हेच चाललंय. म्हाताऱ्यांची पोटं फुटायची वेळ आलीय. तुमचं ठेवून घेते." मी म्हटलं ठेवा, पण फोटो तरी होऊ द्या. मग सगळ्यांना पुन्हा उठवलं. ओळीनं खुर्च्या. प्रत्येकाच्या मांडीवर एकेक पाकीट. एक आजी विचारायला लागली, "हे आत्ता खायचं का?" आणि मी, मी म्हणालो, "नाही आजी, नुसतं धरा." फोटो झाला, पाकिटं गोळा केली. एक म्हातारा सोडेचना. दोन्ही हातांनी कवटाळून बसला. त्याची बोटं मी एकेक करून सोडवली. हसत हसत सोडवली, कारण मोबाईल अजून चालू होता.

स्टेशनच्या बाकावर माझ्या मांडीवर आलेल्या पाकिटाकडं आता नीट पाहिलं. झाकणावर चिकटपट्टी. 'अधिक मासानिमित्त अन्नदान. कै. कस्तुराबाई यांच्या पुण्यस्मरणार्थ.' खाली माझं नाव, आईच्या नावापेक्षा मोठ्या टायपात. म्हणजे मॅडमनी उरलेली पाकिटं या पिवळ्या टी-शर्टवाल्यांना दिली, आणि त्यांनी ती स्टेशनवर वाटायला आणली, आणि माझंच दान फिरून माझ्या मांडीवर येऊन बसलं. दुसरा कुणी असता तर पोट धरून हसला असता. मला हसू आलं नाही. झाकण उघडलं. भस्सकन वास आला. आंबला होता भात. गरम असतानाच झाकण घातलेला मसालेभात, पहाटेपासून तसाच कोंडलेला, कडेनं पाणी सुटलेलं. बटाट्याच्या भाजीला तार आली होती. गुलाबजामचा पाक भाजीत शिरला होता. तेहतीस पाकिटांतलं एकही मी उघडून बघितलं नव्हतं, एक शीत तोंडात घातलं नव्हतं. चिकटपट्टीवरची अक्षरं मात्र दोनदा तपासली होती, 'पुण्यस्मरणार्थ'मधला रफार नीट आहे का म्हणून.

"खा ना आजोबा. मी थांबते," ती म्हणाली. थांबते! मला कळलं ती का थांबली. मीसुद्धा थांबतो. दिलेलं माणूस समोर खाईपर्यंत मी हलत नाही, नाहीतर विकतात, फेकतात, असं मीच सगळ्यांना सांगत असतो. तोंडात घास जाताना बघायचा असतो आपल्याला. तिचा चेहरा उन्हानं लाल झालेला, नाकावर घाम, आणि डोळ्यांत ते. काय म्हणावं त्याला? भुकेल्या माणसाला जेवताना बघायची भूक. 'बाई, हे नासलंय' एवढं म्हणायला काय लागत होतं? पण तिचा सगळा दिवस मातीत गेला असता. मी घास घेतला. जिभेवर आंबट चरचरलं. गिळला. दुसरा घेतला. "छान आहे," म्हणालो. तिचा चेहरा असा काही उजळला की त्याच क्षणी माझ्या डोळ्यांपुढं येसू आली. डोक्यावरचा पदर सारखा करत, माझ्याकडं न बघता, अगदी याच आवाजात म्हणत होती, "छान हाय."

संक्रांतीला मी तिला साडी नेऊन दिली होती, नव्वार, हिरवी, सोबत चिक्कीचा डबा. आंदर मावळात आमच्या गावाच्या वर ठाकरवाडी आहे, तिथली ही येसू. तिनं साडी खांद्यावर टाकून दाखवली, 'छान हाय' म्हणाली, आणि मी लोणावळ्यापर्यंत तरंगत आलो. संगीताला म्हटलं, बघ, त्या लोकांना किती आनंद होतो. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. आता तोंडात तो नासका भात धरून मला लख्ख दिसलं की येसूला माझ्या साडीचा वास येत होता. पहिल्या दिवसापासून येत होता. आणि बाई गिळत होती. का, तर माझं मन मोडू नये म्हणून.

गाडी आली. पिवळा टी-शर्ट पुढच्या बाकाकडं गेला. मी पाकीट हातात घेऊनच डब्यात चढलो, टाकायला जागा नव्हती असं नाही, हातच सुटेना. घोरावाडी, तळेगाव. समोरचा माणूस वासानं सरकून बसला आणि मला वाटलं, बरोबर आहे, सरक. वासाचं मला माहीत आहे. आई दीड वर्षं अंथरुणाला खिळली होती, गावच्या घरात, आणि मी दर रविवारी सफरचंदं घेऊन जायचो. उंबऱ्यापर्यंत. नाकाला निलगिरीचा रुमाल. आईच्या पाठीला जखमा झाल्या होत्या, त्या घरभर वास मारत. जन्मदात्या आईचा वास, आणि मला उमासे यायचे. 'आई, कशी आहेस' हे मी दारातून ओरडून विचारायचो, बहिऱ्या माणसाला विचारावं तसं, आणि ती बहिरी नव्हती. आत येसू असायची. तिला कुशीवर वळवून, कोमट पाण्याचं फडकं फिरवत, काहीबाही बडबडत. "भाऊ, या की आत. मावशी वाट बघत्यात." मी म्हणायचो, सर्दी आहे गं, तिला लागेल. फळांची पिशवी उंबऱ्याच्या आत सरकवायचो. माझं सगळं दान तिथून सुरू झालंय, त्या उंबऱ्यावरून. पिशवी आत, मी बाहेर. त्यानंतर कुठंही काही द्यायला गेलो तरी ते अंतर मी मोजून ठेवतो. लोक त्याला दानत म्हणतात. डोंबलाची दानत! किळस आहे ती, चांगले कपडे घातलेली.

आणि गाय. वडगाव गेलं तरी मी गायीपाशी यायला तयार नव्हतो. मन चपलांकडं पळत होतं, केटररला फोनवर काय शिव्या घालायच्या तिकडं पळत होतं, पण तोंडातली ती चव त्याला फिरवून फिरवून तिथंच आणत होती. मोगरी नाव तिचं. आईची गाय. जाण्याच्या महिनाभर आधी आईनं स्वतःला बाजेसकट ओट्यावर आणवलं, मोगरीला दारात उभं करायला लावलं आणि येसूच्या हातात दावं दिलं. तांब्यातलं पाणी तिनं येसूच्या तळव्यावर सोडलं, तुळशीच्या पानावरनं, रीतसर. "सोपान, ही आता येसूची. ऐकलंस का?" मी ओट्याच्या खाली उभा होतो. म्हटलं, "ऐकलं, आई." संगीता शेजारीच होती. येसू तेव्हा रडत होती, पण गाय तिनं नेली नाही. "मावशी, तुमी हाय तवर हितंच ऱ्हाऊ द्या. घंटीचा आवाज आला म्हंजी तुमाला झोप लागती." त्या एका वाक्यावर मी पुढं डल्ला मारला. गाय माझ्या गोठ्यात राहिली, त्यामुळं ती माझी वाटणं सोपं गेलं.

आई कार्तिकात गेली. पंधराव्या दिवशी टेम्पो आला. गोशाळेचे बजरंगशेठ मोठा माणूस, त्यांनी शब्द टाकला होता: आईच्या नावानं गोदान करा सोपानराव, गाभण गाय, याहून पुण्य नाही, आपण फलक लावू. मी घरात म्हणालो, ठाकरणीला कुठं गोदान करतात का? तिला गोठा तरी आहे का? आईचं शेवटी डोकं ठिकाणावर नव्हतं. संगीता म्हणाली, "पाणी सोडताना मी होते तिथं. चांगलं ठिकाणावर होतं." मी म्हटलं, तुला काय कळतंय. मोगरीच्या गळ्यात झेंडूची माळ, शिंगांना हिंगूळ, शेजारी मी, फोटो. आणि तेवढ्यात येसू वरून गवताचा भारा घेऊन उतरली. हिरवं गवत, कापून आणलेलं, तिच्याच गायीसाठी. उभी राहिली. टेम्पो बघितला, माळ बघितली, मला बघितलं. मी मोबाईलमध्ये तोंड घातलं. ओरडेल असं वाटलं होतं, मी उत्तरंसुद्धा जमवून ठेवली होती. तिनं भारा टेम्पोत टाकला, मोगरीपुढं नीट पसरला, आणि ड्रायव्हरला एवढंच म्हणाली, "घंटी काडू नका तिची." मग चढ चढून निघून गेली. दुसऱ्याची गाय चोरून मी तिचं दान केलं, आणि दान केलं म्हणून माझा सत्कार आहे, येत्या रविवारी, शाल आणि श्रीफळ. सत्काराला घालायचा सदरासुद्धा शिवायला टाकलाय. थू तुझ्या जिंदगानीवर, सोपान.

कान्हे आलं आणि मी उतरलो. तिकीट लोणावळ्याचं होतं. बाहेर टाकव्याची जीप भरत होती, मागं कोंबून बसलो. आणि आता खरी घाण सांगतो. जीप सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोवर माझ्या डोक्यात भाषण तयार व्हायला लागलं. 'मित्रांनो, माझ्या हातून एक चूक झाली होती.' रविवारी, शाल अंगावर, माईक हातात. 'ती मी मोठ्या मनानं कबूल केली.' समोर लोक डोळे पुसतायत. अरे हट्! पश्चात्तापाचीसुद्धा मी चिकटपट्टी छापून घेत होतो. या मनाचं करायचं काय? धुवायचं म्हटलं तर पाणीच घाण होईल. खड्ड्यांत जीप आदळत होती, पोटातला भात वर येत होता, आणि मी दात आवळून धरले होते.

वाडीचा चढ त्या रबरी चपलांनी चढलो. साडेसहा झाले असतील, ऊन अजून डोंगराच्या अंगावर होतं. येसू अंगणात वाळत घातलेली चिंच गोळा करत होती. मला बघून उठली, पदर डोक्यावर घेतला. माझ्या दाढीकडं, चपलांकडं, हातातल्या पाकिटाकडं बघितलं. "भाऊ? असं कुटनं आलासा? बसा, पानी आनती." मी बोलायला तोंड उघडलं आणि भडाभडा ओकलो. तिच्या शेणानं सारवलेल्या अंगणात, चिंचेपासून हातभर अंतरावर. आंबलेला भात, पाक, सगळं. ती मागं सरकली नाही. एक हात माझ्या कपाळाला लावला, दुसरा पाठीवर. "येऊ द्या, येऊ द्या. दाबू नका." आईशी बोलायची तोच आवाज. माझं आवरल्यावर तिनं चुलीतली राख आणून त्यावर टाकली, खराट्यानं सुपलीत भरली, वर जाऊन टाकून आली. नाक मुरडलं नाही की तोंड फिरवलं नाही. हात धुतले आणि मला पाणी दिलं. पाकिटाकडं बघून म्हणाली, "ह्ये खाल्लं व्हय? वास तरी घ्यायचा आदी. कुनी दिलं असलं?"

"मीच," म्हटलं.

तिला ते कळलं की नाही, कुणास ठाऊक. मी तांब्या खाली ठेवला. वाटभर घोकलेलं बरंच बोलायचं होतं, एवढंच निघालं. "येसू, मोगरी तुझी होती."

"ठावं हाय."

"मग बोलली का नाहीस? त्या दिवशी सगळा गाव होता."

ती चिंच टोपलीत टाकत राहिली. "मावशीला जाऊन पंधरा रोज झालं न्हवतं. तिच्या दारात तिच्या ल्येकाला चोर म्हनू? आन म्हनलं असतं तर कुनी ऐकलं असतं, भाऊ? तुमचंच ऐकलं असतं."

"साडी का घेतलीस मग?"

"तुमी येवढं चढून आलता." जरा थांबून म्हणाली, "नेसली न्हाई मी ती. चिंचंवर झाकायला घेती." आणि खरंच, टोपलीपलीकडं ती हिरवी नव्वार पडली होती, घडीच्या घडी, चिंचेचे डाग पडलेली. मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी माझ्या दानाशी खरं वागलं होतं.

मी म्हणालो, "येसू, मी तुला गाय देतो. परत आणून देतो."

ती उठून उभी राहिली. इतकी वर्षं ही बाई माझ्याशी खाली बघून बोलली, आता सरळ बघत होती. "आना. मला पायजेच हाय ती. रोज आटवन काडती मी तिची. पर देतो म्हनू नका, भाऊ. मावशीनं दिलीया. तुमी नुसती आना." आणि मग, मी पुन्हा काही बोलायच्या आत, "आत्ता लावा फोन. माज्या म्होरं. उद्या म्हनलासा की तुमचा उद्या मला म्हाईत हाय."

वाडीत रेंज एकाच ठिकाणी येते, चिंचेखालच्या मोठ्या दगडावर. मी त्या दगडावर चढलो, ती खाली उभी राहिली. बजरंगशेठनी पहिल्याच रिंगला उचलला. "बोला सोपानराव! रविवारचं लक्षात आहे ना? आमदार साहेबांना पण बोलावलंय." मी म्हटलं, मोगरी परत पाहिजे. ते हसले. मग हसायचे थांबले. "अहो, दान दिलेलं कुणी परत मागतं का? फलक लागलाय, पत्रिका छापल्यात. लोक काय म्हणतील? काही अडचण असेल तर सांगा, दुसरी गाय घेऊ, पण ही नको." खाली येसू हाताची घडी घालून माझ्या तोंडाकडं बघत होती, म्हणजे घास जातो का बघावा तसं बघत होती, आणि ती हलणार नव्हती. अजूनही एक वाट होती. आईची इच्छा वेगळी होती असं आत्ता कळलं, म्हणता आलं असतं. गैरसमज झाला, म्हणता आलं असतं. सत्कारही वाचला असता. जीभ तिकडं वळलीसुद्धा.

"शेठ," मी म्हणालो, "ती गाय माझी नव्हतीच. ठाकरवाडीच्या येसूची होती. मी चोरून दिली तुम्हाला. फलक उतरवा. रविवारी येईन, तेव्हा हेच माईकवर सांगायला लावायचं असेल तर लावा. पण गाय आधी."

पलीकडं शेठनी कुणाला तरी दार लावून घ्यायला सांगितलं. चपलेचा तारेनं बांधलेला अंगठा दगडावर घसरत होता, आणि तोंडात अजून ती आंबट चव होती, जराही कमी झाली नव्हती. मला वाटलं होतं, खरं बोललं की ती जाईल. येसू आता काहीतरी म्हणेल असंही वाटलं होतं, निदान डोळ्याला पदर लावेल. तेवढ्यासाठी मी खाली वाकून बघितलंसुद्धा. सवय, दुसरं काय.

तिनं माझ्या सदऱ्याचं टोक धरून ओढलं.

"नेली तवा गाभन व्हती," ती म्हणाली. "वासराचं पन इचारा."

मी विचारलं.